टाकीतला गडगा

(समुदाय रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही तुमच्याशी एका भिंतीबद्दल बोलणार आहोत. ही भिंत घराची नाही, विहिरीची नाही आणि गोठ्याचीही नाही. काचेच्या दोन फुटी टाकीत, खाऱ्या पाण्यात, रंगीत माशांसाठी उभी केलेली ही दगडांची भिंत आहे. तिची उंची अवघी अकरा इंच. पण ती नीट उभी करायला आम्हा बारा जणींना दहा महिने लागले. त्यात दोन मासे गेले, एक काच फुटली आणि बैठकीची वही भिजली. म्हणून म्हटलं, आमच्याकडून जे चुकलं आणि जे जमलं ते तुम्हाला सांगावं. उद्या तुमच्या गटाला असं काम आलं, तर तुमचे एवढे महिने जायला नकोत.

आमचा गट सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातला. आम्ही तीन वर्षं गोड्या पाण्यातले शोभेचे मासे वाढवतो. सिमेंटच्या टाक्यांत गप्पी आणि मोली होतात, ते आम्ही दुकानदाराला देतो. त्यात आमचा हात बसला आहे. गेल्या मार्चमध्ये गावातल्या एका निवास-न्याहारीवाल्या दादांनी विचारलं, "आमच्या जेवणाच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची छोटी टाकी ठेवायची आहे. आत खडकाची भिंत हवी, समुद्रात असते तशी. दिवाळीच्या आत करून द्याल का?" नऊ हजारांचं काम होतं आणि तीन हजार आगाऊ मिळणार होते. आम्ही हो म्हटलं. तेव्हा वाटलं होतं, दगड रचायचे त्यात काय अवघड!

आधी घरची टाकी करून बघू, असं ठरलं. तेवढं एक शहाणपण आम्ही केलं. एक जुनी टाकी स्वच्छ केली. वहाळातले काळे दगड धुऊन आणले आणि मागच्या काचेला टेकवून खालपासून वरपर्यंत रचले. जितके दगड जास्त, तितकी भिंत भरदार दिसेल असा आमचा हिशेब. दिसायला ती खरंच छान दिसली. सगळ्यांनी फोटो काढले. पाणी महिनाभर मुरू दिलं आणि मग दोन मासे सोडले.

तीन-चार आठवड्यांत टाकीला वास यायला लागला. काचेवर हिरवं शेवाळ चढलं. वरून खाणं टाकलं की त्यातलं निम्मं दगडांच्या फटींतून मागे जायचं आणि काचेला चिकटून कुजायचं. तिथे हात पोहोचत नव्हता, नळी जात नव्हती आणि पंपाचं पाणीही जात नव्हतं. मासे सुस्त झाले आणि जूनमध्ये एकामागोमाग एक गेले. महिना संपता संपता एका रात्री वरचा दगड सरकला आणि समोरची काच तडकली. सकाळी दार उघडलं तर सगळी खोली ओली. खालच्या फळीवर बचतीची वही होती, तीही भिजली. शाई पसरली, पण आकडे वाचता आले, हे नशीब.

त्या दिवशी सगळ्या जणी गप्पच होत्या. आमच्यातल्या वयाने मोठ्या काकी पुढे झाल्या. पडलेले दगड त्यांनी हाताने चाचपले आणि म्हणाल्या, "गो बायांनो, हो तर गडगोच! पण पाण्याक वाट खंय आसा?"

घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगतो. आमच्याकडे परसाभोवती माती किंवा सिमेंट न घालता नुसत्या दगडांचा जो बांध रचतात, त्याला गडगा म्हणतात. गडगा रचणारा माणूस मोठे दगड तळाला बसवतो. भिंत खाली रुंद आणि वर निमुळती ठेवतो. वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर येईल असा बसवतो. आणि फटी बुजवत नाही. कारण पावसाचं पाणी फटींतून वाहून गेलं तरच गडगा टिकतो. पाणी अडलं की तो फुगतो आणि कोसळतो. काकींच्या वडिलांनी आयुष्यभर गडगे रचले होते. ही विद्या आमच्या दाराशी होती आणि आम्ही ती टाकीबाहेरच ठेवली होती.

तेव्हा भिंत कशी रचायची ते उमगलं. राहिला प्रश्न दगडाचा. वहाळाचे काळे दगड जड होते, गुळगुळीत होते, एकमेकांवर ठरत नव्हते. जांभ्यात लोह खूप असतं आणि तो पाण्यात झिजतो, म्हणून तो नको. समुद्राच्या टाकीला हलका, सच्छिद्र, चुन्याच्या जातीचा दगड चांगला. त्याच्या बारीक छिद्रांत उपयोगी जिवाणू राहतात आणि माशांच्या विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया तेच पचवतात. म्हणजे भिंत नुसती शोभेची नसते. पाणी साफ करण्याचं निम्मं काम तीच करते.

इथे एक परीक्षा आली. एका व्यापाऱ्याचा निरोप आला, "समुद्रातला प्रवाळाचा दगड देतो. तयार आहे, स्वस्त आहे. टाकीत ठेवला की झालं." दादांनी दिवाळीची तारीख दिली होती, काच फुटलेली होती आणि पैसे अडकले होते. बैठकीत खरं सांगायचं तर निम्म्या जणी घेऊ या म्हणाल्या. मेलेला दगड तर आहे, समुद्रात ढीगभर पडलाय, कोणाचं काय जातं?

मग आमच्यातली सगळ्यात धाकटी वहिनी बोलली. तिचा नवरा पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखालचे खडक आणि मासे दाखवायला नेतो. ती म्हणाली, "लोक मुंबई-पुण्याहून तो खडक बघायला येतात. त्यावर आमची चूल पेटते. तोच उचलून आपण काचेत घातला, तर ऑक्टोबरात यांनी लोकांना काय दाखवायचं?"

त्यावर आम्ही माहिती काढली, तीही सांगतो. प्रवाळ हा दगड नाही, प्राणी आहे. लाखो इवले जीव आपल्याभोवती चुन्याचं घर बांधतात आणि त्या घरांवर घरं चढत खडक होतो. गोल ढेकळासारखं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे तुमच्या बोटाच्या नखाएवढं वाढायला वर्ष लागतं. डोक्याएवढा दगड कोणी उचलून आणला, तर त्याने पंधरा-वीस वर्षं उचलून आणली म्हणायचं. आपल्या मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. दगडासारखी घरं बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, जिथे वाघ आहे तिथेच. ती समुद्रातून काढणं, विकणं आणि विकत घेणं हा गुन्हा आहे. मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड.

आणखी एक गोष्ट ऐकून तर आम्ही गप्पच झालो. तामिळनाडूत मन्नारच्या आखातात २१ बेटं होती. तिथे वर्षानुवर्षं चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ उपसलं गेलं. प्रवाळाचा खडक लाटेचा जोर मोडतो. तो गेला की लाट थेट बेटावर येते. त्या २१ पैकी २ बेटं आज पाण्याखाली आहेत, आणि प्रवाळाचा उपसा हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. दर्याकाठी राहणाऱ्या बाईला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. तो ठराव वहीत लिहिला आणि बारा जणींनी सह्या केल्या.

मग दगड आणायचा कुठून? तो आम्ही केला. आपल्या कोकणात पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजून घरं बांधायचे. म्हणजे चुन्याची खाण आपल्या उकिरड्यावरच होती. तिसऱ्या, मुळे, कालवं खाऊन जी टरफलं फेकतो, ती आम्ही जमवली. कृती लिहून घ्या.

टरफलं खरडून, उकळून, आठ दिवस कडक उन्हात वाळवायची. मांसाचा कण राहता कामा नये. उखळात जाडसर कुटायची. तुरीच्या डाळीएवढे ते चण्याएवढे तुकडे हवेत. कुटताना नाकातोंडाला फडकं घट्ट बांधा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. मग एक डबा पांढरं सिमेंट, तीन डबे शिंपल्यांचा चुरा आणि एक डबा जाडं खडे मीठ. आधी सगळं कोरडंच कालवा. मग पाणी शिंपडत शिंपडत मळा. लाडू वळता येईल इतकंच ओलं ठेवा. सैल झालं तर छिद्रं बुजतात. मीठ कशाला, असं तुम्ही विचाराल. दगड पाण्यात भिजत घातला की मिठाचे खडे विरघळतात आणि त्यांच्या जागी छिद्रं राहतात.

हातमोजे विसरू नका. आमच्यातल्या दोघींनी उघड्या हातांनी मळलं. त्यांचे हात आठ दिवस सोलपटलेले होते, भाकरी थापता येईना. ओलं सिमेंट कातडी भाजतं.

घमेल्यात ओली वाळू भरून त्यात हाताने खळगा करा. हाच साचा. त्यात मिश्रणाचे मूठभर गोळे एकमेकांना चिकटवत टाका, दाबून सपाट करू नका. मधे ओल्या वाळूचे लिंबाएवढे गोळे ठेवलेत तर तिथे बिळं होतात. प्रत्येक दगड वेगळ्या आकाराचा करा. काही चपटे तव्यासारखे, काही खांबासारखे, काही कमानीसारखे. वरून ओलं गोणपाट टाका. दोन दिवसांनी दगड अलगद काढा आणि आणखी आठवडाभर ओल्या गोणपाटात ठेवा. पाच किलो सिमेंटच्या पिशवीत आमचे वीस-बावीस किलो दगड झाले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा दगड लगेच टाकीत गेला, तर मासे मरतात. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाणी तीव्र अल्कली होतं. म्हणून दगड गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचे. पहिला आठवडा रोज पाणी बदलायचं, मग दर दोन-तीन दिवसांनी. पीएच मोजायचे कागदी पट्टे मिळतात. पाणी एक दिवसभर न बदलता ठेवायचं आणि मग पट्टी बुडवायची. आमची पहिल्या दिवशी बारावर गेली, तिसऱ्या आठवड्यात दहावर आली. साडेआठच्या खाली येऊन तिथेच थांबेपर्यंत आठ आठवडे गेले.

दगड भिजत होते, तेवढ्या दिवसांत आम्ही भिंतीचा नकाशा केला. पिंपातून दगड काढायचे, रचून बघायचे आणि परत पाण्यात टाकायचे. दादांची टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. आम्ही पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा कापून जमिनीवर मांडला आणि त्यावर दगड कोरडे रचले. सात वेळा रचले, सात वेळा मोडले. शेवटी जी मापं ठरली, ती अशी.

भिंत मागच्या काचेपासून तीन इंच लांब. हात जाईल, नळी जाईल आणि पंपाचं पाणी फिरेल एवढी वाट. दोन्ही बाजूंना काच पुसायची जागा, डावीकडे तीन इंच, उजवीकडे पाच. भिंतीची लांबी सोळा इंच. तळाशी जाडी आठ इंच, माथ्यावर चार. म्हणजे समोरून बघितलं तर ती पायऱ्या-पायऱ्यांनी मागे झुकते, गडग्यासारखी. अशा उतारामुळे प्रत्येक पायरीला उजेड मिळतो. सरळ उभी भिंत केली की वरच्या दगडाची सावली खालच्यावर पडते. पाणी सोळा इंच भरतो, भिंतीचा माथा अकरावर थांबतो. वरच्या पाच इंचांत पाणी मोकळं खेळतं.

माथा अगदी मध्ये ठेवला नाही. मध्ये ठेवला की ती वारुळासारखी दिसते, हे आम्ही करून पाहिलं. डाव्या बाजूला, लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर उंच टोक ठेवलं आणि तिथून भिंत उजवीकडे उतरत नेली. नजर टोकावर जाते आणि पायरी पायरीने खाली येते. डोंगर असाच दिसतो.

तळाला भिंत सलग बसवली नाही. तीन पाय ठेवले आणि त्यांच्यामध्ये दोन कमानी. कमानीतून पाणी मागून पुढे येतं आणि माशांना लपायला जागा होते. खालचे दगड थेट तळाच्या काचेवर, एका पातळ प्लास्टिकच्या तुकड्यावर बसवले आणि वाळू नंतर ओतली. वाळूवर दगड ठेवू नका. काही मासे वाळू उकरतात. पाया सुटला की भिंत गेली.

गडगा आपल्या वजनावर उभा राहतो, पण पाण्यात दगड हलके होतात. म्हणून सांधे पक्के करावे लागतात. दगडाला ड्रिलने भोक पाडून त्यात प्लास्टिकची कांडी घातली, वरच्या दगडालाही भोक पाडून त्यावर बसवलं आणि सांध्यात मळून लावायची एपॉक्सी पुटी भरली. पुटी मत्स्यालयाला चालणारीच घ्या, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. लोखंडाची सळई किंवा तार मात्र कधीच नको. खाऱ्या पाण्यात ती गंजते. पुटी वाळल्यावर काकींनी भिंत धरून हलवली, आधी हळू, मग जोरात. एक दगड करकरला. तो काढून परत बसवला. सगळ्याला मिळून चौदा किलो दगड लागले. पहिल्या भिंतीला तीस लागले होते.

नोव्हेंबरच्या मध्यात भिंत दादांच्या टाकीत बसली. दिवाळी होऊन गेली होती. त्याआधी काय झालं, तेही सांगायला हवं. दिवाळीच्या आठ दिवस आधी दादा आले. दगड पिंपात बघून चिडले. "दगड झालेत ना तयार? मग टाका आणि मासे सोडा. खोल्या भरल्यात माझ्या." त्यांचंही चुकीचं नव्हतं, तारीख आम्हीच दिली होती. पट्टी तेव्हा नऊ दाखवत होती. पिंपाजवळच आम्ही जमलो आणि ठरवलं, घाई करायची नाही. दादांना म्हटलं, "दादा, आता सोडले तर पाहुण्यांसमोर मासे उलटे होतील. हवं तर आगाऊ रक्कम परत घ्या. नाहीतर थांबा, एक हजार कमी द्या." ते काही न बोलता गेले. तीन दिवसांनी निरोप आला, थांबतो.

ते तीन दिवस कसे गेले, ते तुम्ही समजू शकाल. आगाऊचे पैसे खर्च झाले होते. परत द्यायचे तर बचतीतून काढावे लागले असते.

टाकीत वाळू एक इंच. पाणी शंभर लिटर, शुद्ध केलेलं. त्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे साडेतीन किलो. इथे घरचं मीठ चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि समुद्रातले बाकीचे क्षार नसतात. सगळं मिळून वजन दीडशे किलोपर्यंत जातं, म्हणून खालचं टेबल मजबूत हवं.

पंप लावल्यावर आम्ही एक सोपी परीक्षा घेतली. माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात सोडली आणि कण कुठे कुठे जाऊन बसतात ते बघितलं. उजव्या कोपऱ्यात ते साचत होते. पंपाचं तोंड थोडं वळवलं. परत चिमूट सोडली. या वेळी कण कमानीतून फिरून वर आले. काकींनी मान हलवली. वाट झाली होती.

पण अजून मासे नाहीत. दगडात जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. चिमूटभर खाणं टाकत राहायचं आणि पाणी तपासायचं. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर आली की टाकी तयार. नाताळची गर्दीही त्यात हुकली. लोक रिकामी टाकी बघून विचारायचे, यात मासे कुठे आहेत? दादा सांगायचे, "घर बांधून झालंय, माणसं जानेवारीत येणार."

जानेवारीत दोन क्लाउनफिश आणले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, मुलं ज्याला निमो म्हणतात तो मासा. तो समुद्रातून पकडलेला घेतला नाही. हा मासा आपल्या देशात हौदात पैदास होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तामिळनाडूतल्या मंडपम केंद्राने त्यावर बरंच काम केलं आहे. आम्ही पैदास केलेले मासे पावतीसह घेतले. दादांना भिंतीवर प्रवाळ हवं होतं. त्यांना कायदा समजावून सांगितला आणि म्हटलं, भिंत आपला रंग आपणच घेईल. पायऱ्या मोकळ्या ठेवल्या आहेत.

या माशाची गंमत तुम्हाला आवडेल. क्लाउनफिशच्या घरात मादी सगळ्यात मोठी आणि तीच मुख्य. ती गेली, तर तिचा नर पुढे स्वतः मादी होतो. ही गोष्ट बैठकीत सांगितली, तेव्हा इतकं हसू झालं की शेजारची माणसं बघायला आली. पण यात भिंतीसाठीही एक गोष्ट आहे. मादी अंडी घालते ती सपाट, स्वच्छ दगडावर, लपायच्या जागेजवळ. अंड्यांना पंखांनी वारा घालत राखण करतो तो नर. म्हणून कमानीच्या तोंडाशी आम्ही एक तव्यासारखा चपटा दगड मुद्दाम तिरका बसवला आहे.

आता हिशेब. एकूण मिळाले आठ हजार. साहित्याला एकोणीसशे, फुटलेल्या काचेला सव्वीसशे, गेलेल्या माशांचे नऊशे. हातात राहिले सव्वीसशे. दहा महिन्यांच्या कामाला ही रक्कम थोडी आहे, आम्ही ते लपवत नाही. पण दादांनी देखभाल आमच्याकडे दिली, महिना आठशे. दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं, मागच्या वाटेत नळी घालून गाळ काढायचा आणि उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालायची. मीठ उडत नाही, पाणी उडतं, हे लक्षात ठेवा. खारं पाणी भरत गेलात तर टाकी जास्त जास्त खारट होत जाते. आता आणखी दोघांनी भिंतीसाठी विचारलं आहे. या वेळी आम्ही तारीख सांगताना आधी आठ आठवडे दगडाचे आणि सहा आठवडे पाण्याचे मोजतो, आणि मगच बोलतो.

तुमच्या गावात समुद्र नसेल, तुमचा गट पापड किंवा मसाला करत असेल, तरी गिऱ्हाईक घाई करतंच आणि स्वस्त माल दाखवणारा दारात येतोच. तेव्हा गटात बसून बोला, ठरलं ते वहीत लिहा आणि सह्या करा. आम्ही त्या दिवशी सही केली नसती, तर दिवाळीच्या आठवड्यात आमचा धीर सुटला असता.

गेल्या आठवड्यात आम्ही पाणी बदलायला गेलो होतो. माथ्याच्या दगडावर मसुरीएवढा एक गुलाबी ठिपका दिसला. हे चुना धरणारं शेवाळ, समुद्रातल्या खडकांना जांभळा-गुलाबी रंग देतं तेच. टाकीत सोडलेल्या एका छोट्या गोगलगायीच्या पाठीवरून ते आलं असावं. आमच्या उकिरड्यावरच्या तिसऱ्यांच्या टरफलांवर समुद्राने परत रंग चढवायला सुरुवात केली होती. काकी काचेला नाक लावून खूप वेळ बघत बसल्या. खाली चपट्या दगडाजवळ मोठी मादी घुटमळत होती. अंडी अजून नाहीत. झाली की कळवूच.

तोवर नमस्कार.